आईला फोन लाव, नेस!

मुलांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही कुठं कुठं जाऊन येता? कुणी मामाच्या गावाला जातं, कुणी कोकणात जाऊन समुद्र पाहून येतं, तर कुणी घरीच आंबे खात लोळतं. एका सुट्टीत मी कुठं गेले होते, सांगू? ओनेटला!

आता लगेच नकाशा काढून शोधत बसू नका बरं का. हे गाव आमच्या चौथीच्या भूगोलात नाही आणि तुमच्या आठवी-नववीच्या भूगोलातही नाही. ओनेट आहे ईगललँड नावाच्या देशात, आणि ईगललँड आहे एका जुन्या टीव्ही-गेमच्या पोटात!

"काय बाई, तुम्ही आणि गेम?" असं म्हणाल तुम्ही. माझे विद्यार्थीही असंच म्हणाले. पण लहानपणी मीसुद्धा टीव्हीला कॅसेटचा डबा जोडून मारिओला उड्या मारायला लावल्या आहेत. पुढं डीएड झालं, नोकरी लागली आणि ते सगळं माळ्यावर गेलं. मग २०२२ च्या मे महिन्यात मी बहिणीकडं पुण्याला गेले. माझा भाचा तेव्हा आठवीत होता. त्यानं त्याचं यंत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मावशी, हा गेम तुला आवडेल. मारामारी आहे, पण गमतीची. फक्त वाचायला फार आहे हं."

"वाचायलाच तर येतं मला," मी म्हटलं. आणि निघाले.

या खेळाचं नाव 'अर्थबाउंड'. जपानमध्ये तो १९९४ च्या ऑगस्टमध्ये 'मदर २' या नावानं आला आणि पुढच्याच वर्षी, १९९५ च्या जूनमध्ये, इंग्रजीत अमेरिकेत गेला. अशा खेळाला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. नाटकात आपण भूमिका घेतो ना, तशी इथं एका पात्राची भूमिका घ्यायची, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि अनुभव गोळा करत मोठं व्हायचं. त्या काळच्या अशा बहुतेक खेळांत तलवारी, किल्ले, जादूगार आणि ड्रॅगन असायचे. इथं मात्र नायकाच्या डोक्यावर टोपी, पाठीला दप्तर आणि हातात बेसबॉलची बॅट. नाहीतर यो-यो!

खेळ सुरू होण्याआधीच तो आपल्याला काही प्रश्न विचारतो. मुलाचं नाव काय ठेवायचं? त्याच्या सोबत्यांची नावं काय? कुत्र्याला काय म्हणायचं? आणि तुमचा सगळ्यात आवडता पदार्थ कोणता? मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'पिठलं'. कशाला विचारत असतील, असं मनात आलं. ते नंतर कळलं.

चला तर मग ओनेटला. रात्रीची वेळ. धडाम् आवाज होतो आणि नेसच्या घराजवळच्या टेकडीवर उल्का पडते. नेस जागा होतो आणि बघायला निघतो. आता आपल्याकडं काय झालं असतं? दोन धपाटे मिळाले असते! नेसची आई मात्र ओळखून आहे, की नाही म्हटलं तरी हा पळून जाणारच. ती एवढंच म्हणते, की बाबा, निदान अंगातले झोपायचे कपडे बदलून जा. मला तर ती तिथंच आवडली.

उल्केजवळ नेसला माशीएवढा एक जीव भेटतो, बझ बझ नावाचा. तो आलेला असतो दहा वर्षं पुढच्या काळातून. गीगस नावाच्या दुष्टानं तिकडं सगळं जग अंधारात बुडवलंय, आणि त्याला हरवतील ती तीन मुलं आणि एक मुलगी, असं तो सांगतो. त्यासाठी आठ ठिकाणी जायचं आणि प्रत्येक ठिकाणी ऐकू येणारा सुराचा एक तुकडा गोळा करायचा. एवढं मोठं भविष्य सांगणाऱ्या या वीराचं पुढं काय होतं? शेजारच्या काकू माशी समजून त्याला फटका मारतात! मला हसावं की रडावं तेच कळेना. हा सगळा खेळच असा आहे. हसता हसता घशात काहीतरी अडकतं.

सकाळी उजाडलं की ओनेट नीट दिसतं. छोटंसं गाव आहे. दवाखाना, दुकान, बर्गरचं हॉटेल, आणि हो, वाचनालय! गावाचा नकाशा हवा असेल तर वाचनालयातून घ्यावा लागतो. गावचे पोलीस चोर पकडण्यापेक्षा रस्ते बंद करण्यात पटाईत. कचऱ्याच्या डब्यात बर्गर सापडतो आणि तो खाल्ला की नेसची ताकद वाढते. (हे तुम्ही करायचं नाही हं! बाई म्हणून सांगून ठेवते.) समुद्राकाठी एक घर विकायला आहे, किंमत ७,५०० डॉलर. हौसेनं पैसे साठवून घ्यावं आणि दार उघडून पाहावं, तर मागची भिंतच नाही! समुद्र मात्र छान दिसतो.

पुढचं गाव टूसन, त्याच्या पुढं थ्रीड, मग मोठं शहर फोरसाईड. नावं पुन्हा एकदा मोठ्यानं वाचा बरं. सापडलं? वन, टू, थ्री, फोर! ईगललँड म्हणजे जपानी माणसानं लांबून पाहिलेली अमेरिका. शिगेसातो इतोई असं त्यांचं नाव. ते मूळचे जाहिरातींची वाक्यं लिहिणारे. तुमच्यापैकी कुणी 'माय नेबर टोटोरो' हा १९८८ चा जपानी सिनेमा पाहिला असेल, तर त्यातल्या बाबांचा मूळ जपानी आवाज यांचाच. चार शब्दांत माणसाला थांबवायचं, हा ज्यांचा धंदा, त्यांनी खेळ लिहिला. म्हणून तर इथं रस्त्यावरच्या पाटीलाही काहीतरी म्हणायचं असतं.

शत्रू तरी कसले कसले! बिथरलेला कुत्रा, खडूस कावळा, पिसाळलेली टॅक्सी, उकळत्या कॉफीचा कप. एक म्हातारबुवा तर हाणामारी सोडून आजकालच्या तरुण पिढीच्या नावानं कुरकुर करत बसतात. असे आजोबा प्रत्येक गल्लीत असतात, नाही का? आणि एक गोष्ट मला फार बरी वाटली. हरलेला कुत्रा मरत नाही, तो माणसाळतो. बिथरलेला माणूस भानावर येतो. आपण फार ताकदवान झालो की लहानसहान शत्रू आपल्याला पाहून स्वतःच पळ काढतात.

लढाईत जिवाचे आकडे असतात, ते जुन्या पेट्रोल पंपावरच्या मीटरसारखे गरगर फिरतात. समजा मोठा फटका बसला, तर आकडा एकदम शून्य होत नाही, हळूहळू उतरू लागतो. शून्यावर पोचायच्या आत औषध दिलं किंवा लढाई जिंकली, की वाचलो! तेवढ्या दोन-चार क्षणांत हाताला घाम फुटतो बघा.

पण या देशात मला सगळ्यात जास्त काय आवडलं, सांगू? फोन.

नेसचे बाबा या खेळात एकदाही दिसत नाहीत. ते असतात फोनवर. खेळ जिथपर्यंत आला तिथंच नोंदवून ठेवायचा असेल, तर बाबांना फोन करायचा. तेच आपल्या खात्यात पैसे टाकतात, ते यंत्रातून काढायचे आणि तिकिटाला, खाऊला वापरायचे. आपण फार वेळ खेळत राहिलो तर बाबांचाच फोन येतो, की पोरा, जरा विश्रांती घे. खेळच सांगतो, खेळ थांबव म्हणून!

आणि आईचा फोन? त्याची गंमत ऐका. कधी कधी लढाई ऐन रंगात आलेली असताना नेस बॅट उचलतच नाही. आपण बटण दाबतो, तो गप्प उभा. त्याला घराची आठवण आलेली असते! त्याची पाळी तशीच निघून जाते. यावर कुठलंही औषध चालत नाही, कुठलीही जादू चालत नाही. उपाय एकच. गावातला फोन शोधायचा आणि आईला लावायचा. दोन शब्द बोलणं झालं, की नेस पुन्हा ठणठणीत.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी वैतागले. "अरे, मार की!" असं ओरडलेसुद्धा. भाचा शांतपणे म्हणाला, "मावशी, तो आजारी नाहीये. त्याला आईची आठवण येतेय. फोन लाव."

मी यंत्र खाली ठेवलं. मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला.

माझी शाळा मराठवाड्यातल्या एका खेड्यात आहे. दिवाळी झाली की आमच्याकडची पुष्कळ माणसं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडालाच परत येतात. काही मुलं आई-बापाबरोबर फडावर जातात, काही मागं आजीजवळ राहतात. हा मुलगा आजीजवळ राहिला होता. हुशार पोरगा. पण डिसेंबरात त्याचं काहीतरी बिनसलं. पाढे म्हणायची त्याची पाळी आली की तो नुसता उभा राहायचा. येत नव्हतं असं नाही, तोंडातून शब्दच निघायचा नाही. एक दिवस त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "चौथीत आहेस ना? एवढा मोठा झालास आणि रडतोस?" तो खाली बसला. त्यानंतर तो रडला नाही, पण पाढेही म्हटले नाहीत.

मला वाटलं होतं, मी त्याला धीट करतेय. पुण्यात त्या पलंगावर बसून मला कळलं, की त्याची पाळी तशीच निघून जात होती आणि फोन माझ्या पर्समध्ये होता. आमची शाळा चौथीपर्यंतच. तोवर तो पाचवीला दुसऱ्या गावी जायचं ठरलंही होतं. त्याला मी काही सांगू शकले नाही. म्हणून इथं तुम्हाला सांगतेय.

असो. नेसनं आईला फोन केला आणि आम्ही पुढं निघालो. तुम्हीही चला.

एव्हाना नेस एकटा नाही. टूसनला पॉला भेटते. तिला पळवून नेणारी माणसं इतकी विचित्र, की गावातलं दिसेल ते निळ्या रंगानं रंगवून टाकतात. वाटेत पेन्सिलच्या आकाराचा लोखंडी पुतळा आडवा येतो. तो कसा हलवायचा? पेन्सिल म्हटल्यावर काय लागतं? खोडरबर! पेन्सिल खोडणारं यंत्र आणलं की पुतळा गायब. (मूळ जपानी खेळात तिथं पेन्सिल नाही, ऑक्टोपस आहे.) थ्रीडला भुताटकी माजलेली आहे. तिथं जायच्या बोगद्यात भुतं गाडी अडवतात, पण गाणाऱ्या मंडळींची बस वाजतगाजत निघाली की भुतांची हिंमत होत नाही.

मग येतो जेफ. बर्फाच्या मुलखातल्या वसतिगृहातला, जाड भिंगांच्या चष्म्याचा, यंत्रं दुरुस्त करणारा. त्याचे वडील मोठे शास्त्रज्ञ. बापलेकांची गाठ पडते ती दहा वर्षांनी, आणि पुन्हा भेटू या दहा-एक वर्षांनी, अशा बेतानं ते त्याला निरोप देतात! वाचताना आधी हसू येतं आणि मग येत नाही. चौथा सोबती म्हणजे दूरच्या दलाम राज्याचा राजपुत्र.

फोरसाईडच्या वाटेवर वाळवंट लागतं. तिथं रस्त्यावर गाड्यांची ही लांब रांग. बस अडकते, मग उतरून चालायचं. त्या अफाट वाळूत एक काळा तीळ आहे आणि एक पांढरा तीळ. हो, तीळच! पडद्यावर नुसता ठिपका दिसतो. दोघं एकमेकांपासून लांब पडलेत आणि त्यांचा निरोप आपण पोचवू शकतो. बक्षीस काही नाही. संक्रांतीला "गोड बोला" म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर तेवढं काम करायलाच हवं! तिथंच कुणाची तरी डोळ्यात घालायची काचही वाळूत हरवलेली असते. शोधून दिली तर काय मिळतं? मळक्या मोज्यांचा जोड! आणि जवळच्या खाणीत पाच बलदंड घुशी राहतात. प्रत्येक जण छाती काढून सांगतो, की पाचांत तिसरा बलवान मीच. पाची जण तिसरे! आमच्या वर्गात सगळे पहिले असतात, त्यापेक्षा हे बरं.

थकलात? मग सॅटर्न व्हॅलीत बसू. इथं मिस्टर सॅटर्न नावाची मंडळी राहतात. सगळे एकसारखे. भलंमोठं नाक, मिशा आणि डोक्यावर रिबिनीचा फुलोरा. त्यांचं बोलणं पडद्यावर उमटतं ते पहिलीतल्या मुलाच्या अक्षरासारखं वाकडंतिकडं. ते आपल्याला कॉफी देतात. कॉफी घेताना खेळ थांबतो आणि पडद्यावरून सावकाश मजकूर सरकू लागतो. आत्तापर्यंत तुम्ही कुठून कुठं आलात, काय सोसलंत, पुढं काय आहे. एखादा मोठा माणूस शेजारी बसून पाठीवरून हात फिरवतोय असं वाटतं.

वाटेत अधूनमधून आणखी एक गंमत होते. आकाशातून एक फोटोवाला गिरक्या घेत उतरतो, "हसा" म्हणतो, फोटो काढतो आणि पुन्हा आकाशात निघून जातो. तो का येतो, ते शेवटी कळतं.

शेवटची लढाई मी पूर्ण सांगणार नाही. एवढंच सांगते, की तिथं बॅटीचा उपयोग होत नाही. पॉला प्रार्थना करते आणि ती प्रार्थना वाटेत भेटलेल्या माणसांपर्यंत पोचते. बसमधली गाणारी मंडळी, पॉलाचे आई-बाबा, नेसची आई. ज्यांना ज्यांना आपण बोललो, ती सगळी जिथं आहेत तिथून या मुलांसाठी मागणं मागतात. आणि सगळ्यात शेवटी एक नाव येतं. कुणाचं, ते स्वतःच बघा. मी तर दचकले!

बरं, दुसरे खेळ इथं संपतात. हा संपत नाही. जिंकल्यावर पॉलाला तिच्या घरी पोचवायचं असतं. घाई नाही. सगळ्या गावांत पुन्हा हिंडता येतं आणि प्रत्येक माणसाचं बोलणं आता बदललेलं असतं. मी दोन दिवस नुसती निरोप घेत फिरले. मग ओनेटला, घरी. दारात आई. आणि त्या फोटोवाल्यानं काढलेले सगळे फोटो एकापाठोपाठ एक समोर येतात. सहलीहून आल्यावर आपण बघत बसतो ना, तसे.

गंमत म्हणजे हा खेळ आधी जवळजवळ बनलाच नसता. काही वर्षं काम होऊनही तो नीट चालेना. तेव्हा सातोरू इवाता हे मदतीला आले. ते म्हणाले, आहे ते दुरुस्त करत बसलो तर दोन वर्षं लागतील, पायापासून नवं बांधलं तर अर्धं वर्ष. त्यांनी नवं बांधलं. हेच इवाता पुढं २००२ मध्ये निन्टेन्डो कंपनीचे अध्यक्ष झाले. २०१५ मध्ये ते वारले.

अमेरिकेत मात्र खेळ फारसा चालला नाही. सुमारे १ लाख ४० हजारच प्रती खपल्या, असं सांगतात. चित्रं बाळबोध वाटली. जाहिरातही अशी, की 'हा खेळ घाण वास मारतो', आणि सोबत खरवडून हुंगायचे कागद! गंमत करायला गेले आणि लोकांनी नाक मुरडलं. पण ज्या थोड्या मुलांनी तो खेळला, ती मोठी झाली तरी विसरली नाहीत. १९९९ मध्ये दुसऱ्या एका खेळात नेस पाहुणा म्हणून दिसला आणि नवी मुलं विचारू लागली, की हा टोपीवाला कोण? २०१३ मध्ये खेळ पुन्हा मिळू लागला, युरोपात तर तेव्हा पहिल्यांदाच. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो नव्या यंत्रावर आला, म्हणून माझ्या भाच्याकडं होता. याच खेळावर वाढलेल्या टोबी फॉक्स नावाच्या तरुणानं २०१५ मध्ये 'अंडरटेल' हा खेळ केला, तोही जगभर गाजला.

का टिकला असेल हो एवढा? आजचे खेळ किती झगमगीत असतात! मला वाटतं, तलवारीचा कंटाळा येतो, पण आईच्या फोनचा येत नाही. जग वाचवायला निघालेल्या मुलालाही घराची आठवण येते आणि ती आली म्हणून तो भित्रा ठरत नाही, हे या खेळानं न ओरडता सांगितलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर वर्गात एक मुलगी अशीच पाढ्यांपाशी थांबली. मी काही बोलले नाही. मधल्या सुट्टीत तिला ओट्यावर नेलं आणि फडावरच्या तिच्या आईला फोन लावून दिला. दोघी काय बोलल्या? शेळी व्याली का, आणि जेवलीस का, एवढंच. दुपारी तिनं तेराचा पाढा म्हटला. एका ठिकाणी चुकली, पण म्हटला.

आणि हो, त्या पिठल्याचं राहिलंच! नेस दमूनभागून घरी गेला ना, की आई त्याच्यापुढं त्याचा आवडता पदार्थ ठेवते. म्हणून तर आधी विचारून घेतात. ईगललँडमध्ये, त्या परक्या मुलखात, नेसची आई मला पिठलं वाढत होती!

तुम्ही काय लिहिलं असतं? आणि बाहेरगावी असलात, तर आज घरी फोन केलात का?